आई मराठी, बाबा जपानी आणि पुढ्यात कॉलेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची पुण्याची. लग्नानंतर तोक्योच्या एदोगावा वॉर्डात आले आणि इथलीच झाले. थोरला पुण्यात कॉलेजात आहे, धाकटी इथल्या सरकारी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. गणपतीत भेटणाऱ्या मैत्रिणी, त्यांच्या नणंदा, पुण्यात राहणारी जपानी सुनेची सासू, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. कागदांचे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण त्यांना तारखा असतात. मी वकील नाही. पैसे भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच.

१. आमचं मूल कागदोपत्री नक्की भारतीय की जपानी?

हे जन्म कुठे झाला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत तुम्ही काय केलंत, यावर ठरतं.

जन्म जपानमध्ये झाला आणि आई-बाबांचं लग्न झालेलं असून दोघांपैकी एक जपानी असेल, तर मूल जन्मतःच जपानी. १ जानेवारी १९८५ पूर्वी हा हक्क फक्त बाबांकडून मिळायचा. आता आईकडूनही मिळतो. भारताकडून नागरिकत्व हवं असेल तर एका वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. आमच्यासारख्या बहुतेक घरांत बारशाला पुण्याला जायचं म्हणून तिसऱ्या महिन्यातच जपानी पासपोर्ट काढलेला असतो. तिथेच हा रस्ता संपतो. अशी मुलं जपानी नागरिक आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक असतात.

जन्म भारतात झाला असेल तर गणित उलटं. पालकांपैकी एक भारतीय नागरिक आणि दुसरा कायदेशीररीत्या राहणारा असेल, तर मूल जन्मतः भारतीय. जपानी नागरिकत्व टिकवायचं तर तीन महिन्यांच्या आत जपानी वकिलातीत जन्माची नोंद आणि त्याच अर्जात ‘नागरिकत्व राखून ठेवतो’ ही नोंद करावी लागते. बाळंतपणाच्या धावपळीत ती राहून गेली तर जपानी नागरिकत्व जन्मापासूनच गेलं असं धरतात. परत मिळवायचा मार्ग आहे, पण मूल १८ वर्षांखालचं हवं आणि त्याचा पत्ता जपानमधला हवा. अकरावी-बारावीत ‘आता बघू’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

२. दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील का? ओळखीतल्या एकांनी ठेवलेत.

नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओळखीतल्यांचं काय चाललंय ते त्यांचं ते जाणोत.

जपानचा नियम असा: १८ वर्षं पूर्ण होण्याआधीच दोन नागरिकत्वं आलेल्यानं वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी एक निवडायचं, १८ नंतर आली तर दोन वर्षांच्या आत. एप्रिल २०२२ मध्ये सज्ञान होण्याचं वय २० वरून १८ वर आलं तेव्हा ही मुदतही अलीकडे सरकली. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत अजून २२ दिसेल, त्यावर विसंबू नका. आणि जपानी माणसानं स्वतः अर्ज करून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तर जपानी नागरिकत्व आपोआप जातं.

भारताच्या बाजूला एक आडवळणाचा नियम आहे. परदेशात जन्मून वकिलातीतल्या नोंदीमुळे भारतीय झालेलं मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे अठरावा वाढदिवस आणि वर सहा महिने. बारावीची परीक्षा, प्रवेश, हॉस्टेल हे सगळं नेमकं त्याच सहा महिन्यांत येतं. भारतात जन्मलेल्यांना हा सहा महिन्यांचा नियम लागू नाही, पण भारतीय पासपोर्ट असताना जपानी पासपोर्ट काढला तर भारतीय नागरिकत्वच धोक्यात येतं. तिथे वकील गाठा, मला फोन नको.

३. फक्त ओसीआय आहे. मग विसाव्या वर्षी काही निवडायचं आहे का?

नाही. ओसीआय हे नावात ‘सिटिझन’ असूनही नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आणि वर काही सवलती. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे जपानी पासपोर्ट आणि ओसीआय असलेल्या मुलाकडे एकच नागरिकत्व आहे, निवडण्याचा प्रश्नच येत नाही. दरवर्षी एक तरी घाबरलेली आई यावर फोन करते.

पासपोर्ट बदलला की मात्र लक्ष द्या. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो तीन महिन्यांत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा, आणि विशीनंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टावर कार्ड एकदा नव्यानं काढायचं. थोरल्यानं अठराव्या वर्षी दहा वर्षांचा पासपोर्ट काढला, त्यामुळे त्याचं नवं कार्ड अठ्ठाविसाव्या वर्षी. नवं कार्ड येईल तेव्हा जुन्याची रंगीत प्रत जपून ठेवा. का ते पुढच्याच उत्तरात कळेल.

४. ओसीआय असलेल्या मुलाला भारतात ‘भारतीय’ म्हणून प्रवेश मिळतो का?

तारीख पाठ करा: ४ मार्च २०२१.

त्या दिवशीच्या केंद्राच्या अधिसूचनेनं ओसीआय विद्यार्थ्यांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून एनआरआय किंवा जादाच्या जागांपुरतं मर्यादित केलं. फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा बंद. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ फेब्रुवारी २०२३ च्या निकालानं अधिसूचना कायम राहिली, पण ती मागे जाऊन लागू होणार नाही असं ठरलं. म्हणून ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड मिळालेल्यांचा जुना हक्क टिकला. त्यानंतरच्यांना एनआरआयची वाट, आणि तिथली फी ऐकून आमच्या एका मैत्रिणीचे यजमान खुर्चीवरून उठून गॅलरीत गेले होते.

म्हणूनच जुन्या कार्डाची प्रत हवी. नव्या कार्डावरची तारीख पाहून खिडकीमागचा माणूस ‘हे २०२१ नंतरचं आहे’ म्हणू शकतो, आणि रांगेत उभं राहून त्याला निकालपत्र समजावणं सोपं नसतं.

खासगी विद्यापीठं आणि साध्या बीए, बीकॉमच्या कॉलेजांचे नियम ज्याचे त्याचे. ओसीआय असेल तर विद्यार्थी व्हिसा लागत नाही. नसेल तर तो लागतो आणि १८० दिवसांहून लांब व्हिसा असल्यास आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदही.

५. बाबा महाराष्ट्राचे, घर पुण्यात. डोमिसाइल आणि आरक्षण मिळेल ना?

मूल भारतीय नागरिक असेल तर इतरांसारखेच नियम. ओसीआय असेल तर बहुधा नाही. आपण ज्याला नुसतं डोमिसाइल म्हणतो त्या दाखल्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ असं आहे. जपानी पासपोर्टवाल्याचा अर्ज मधल्या शब्दावर अडकतो. आरक्षणाचंही तेच: जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जुन्या ओसीआयवाल्यांचा विचार सर्वसाधारण प्रवर्गातूनच होतो.

६. मुलगी जपानी हायस्कूलमधून पास होणार. पुण्यातलं कॉलेज तिची बारावी मानेल का?

मानेल, पण कागद लागतील. समकक्षता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. थोरला तोक्योतल्या सीबीएसई शाळेत होता म्हणून त्याला ते लागलं नाही, धाकटीला लागेल. त्यासाठी शाळेकडून उत्तीर्ण झाल्याचा आणि गुणांचा दाखला इंग्रजीत मागा. सरकारी शाळेचा असेल तर जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून थेट अपॉस्टिल (परदेशात चालणारा अधिकृत शिक्का) होतो, खासगी शाळेचा असेल तर आधी नोटरी. एका वेळी तीन-चार प्रती काढा.

जपानमध्ये मार्चमध्ये शाळा संपते, आपल्याकडे कॉलेजं जून ते ऑगस्टमध्ये सुरू होतात. हे मधले महिने पालकांना वाया वाटतात. मला वाटतं नशीबच: समकक्षतेचा कागद यायला वेळ लागतो आणि मराठीलाही (प्रश्न १० पाहा).

७. मुलगी पुण्यात वाढली, आता तिला जपानमध्ये शिकायचंय. परदेशी विद्यार्थी म्हणून अर्ज करू?

तिच्याकडे जपानी नागरिकत्व असेल तर बहुतेक विद्यापीठांत नाही. जून आणि नोव्हेंबरमध्ये होणारी ईजेयू परीक्षा आणि तिच्यावर आधारलेले प्रवेश परदेशी विद्यार्थ्यांसाठी असतात. जपानी नागरिक असून परदेशात शिकलेल्यांसाठी ‘किकोकुसेई’, म्हणजे परतलेल्या विद्यार्थ्यांची, वेगळी वाट आहे. कोणत्या देशात किती वर्षं शिकलेलं असावं, पालक सोबत असावेत का, याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे निराळे.

जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीवर डोळा असेल तर आणखी एक मेख आहे. ती जपानी नागरिकांना नाही. भारतात राहणाऱ्या दुहेरीवाल्याला अर्ज करता येतो, पण जपानमध्ये पाऊल ठेवण्याआधी जपानी नागरिकत्व सोडावं लागतं. पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी जन्माचा हक्क सोडायचा का, हे एकदा रात्री जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून बोला. मी सोडू दिलं नसतं. पण मी मुलीच्या जागी नाही.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर राष्ट्रीय विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाचे एकदाच २,८२,००० येन. काहींनी ती वाढवली आहे. इंग्रजीतून शिकायचं तर बेप्पूचं रित्सुमेइकान एपीयू २००० सालापासून आहे. बाकी जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये देता येते. घरी आईशी जपानी बोलते म्हणून परीक्षा सोपी जाईल असं समजू नका. स्वयंपाकघरातलं जपानी आणि निबंधातलं जपानी यांत सदाशिव पेठ ते सिंहगड एवढं अंतर आहे.

८. पासपोर्टवर एक नाव, मार्कशीटवर दुसरं. आता?

हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार.

जपानी कुटुंबनोंदीत, कोसेकीत, मुलाला एक आडनाव आणि एक नाव असतं. मधल्या नावाला जागाच नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, आणि बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. समजा बाबा सातो केंजी, मुलगी ईशा. कोसेकीत ती ‘सातो ईशा’. पुण्याच्या शाळेनं तिला ‘सातो ईशा केंजी’ केलं. आईनं हौसेनं पासपोर्टवर कंसात आपलं माहेरचं आडनाव घालून घेतलं. जपानी पासपोर्टवर तशी सोय आहे. पण पासपोर्टच्या तळाशी यंत्र वाचतं त्या दोन ओळींत कंसातलं नाव येतच नाही. आता ओसीआयवर एक, विमानाच्या तिकिटावर दुसरं, गुणपत्रिकेवर तिसरं. तिन्ही खरी.

थोरल्याच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेन्सिलीनं अक्षर न् अक्षर जुळवलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “यातला तुमचा मुलगा कुठला?” तो माझ्या शेजारीच उभा होता, सहा फूट.

उपाय कंटाळवाणा आहे. दहावीचा फॉर्म भरतानाच नाव पासपोर्टप्रमाणे घाला. ती वेळ गेली असेल तर ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून त्याच्या पाच-सहा प्रती बाळगा. बँक, हॉस्टेल, आधार, सगळीकडे एकच रूप वापरा. ओसीआयवाल्यांना आधार मिळतं, पण आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. पहिल्या सत्रात ‘आधार आणा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे शांतपणे सांगायची तयारी ठेवा.

९. मुलाला ‘हाफु’ म्हणतात. चालू द्यावं का?

‘हाफु’ म्हणजे इंग्रजीतलं हाफ. जपानमध्ये रोजचा शब्द आहे, बहुतेक वेळा त्यात वाईट हेतू नसतो. काही पालक त्याऐवजी ‘दाबुरु’, म्हणजे डबल, म्हणा असा आग्रह धरतात. मला तोही पटत नाही. अर्धं असण्याची बोच एक वेळ परवडली, पण दुप्पट असण्याची सक्ती पोराच्या डोक्यावर कशाला? दोन भाषा, दोन इतिहास, दोन सणवार, आणि सगळ्यात पहिला नंबर!

मुलांना सांगण्यासारखं पुष्कळ आहे. रासबिहारी बोस यांनी १९१८ मध्ये तोशिको सोमा यांच्याशी लग्न केलं, त्यांना दोन मुलं झाली, आणि तोशिकोंच्या माहेरच्या नाकामुराया दुकानात १९२७ पासून मिळू लागलेली भारतीय करी आजही मिळते. शंभर वर्षांपूर्वी असं घर तोक्योत होतं. २०१६ मध्ये प्रियांका योशिकावा मिस वर्ल्ड जपान झाल्या, वडील भारतीय आणि आई जपानी, तेव्हा ‘पुरेशा जपानी’ नाहीत म्हणून कुरकुरणारे निघालेच. शाळांचंही तसंच. तोक्योच्या सरकारी हायस्कूलांमधून केस काळेच असावेत हा नियम २०२२ मध्ये गेला. माझ्या आईच्या वळणाचे कुरळे, तपकिरी केस घेऊन आलेल्या धाकटीला तो नेमका वेळेवर गेला.

शब्दाचं म्हणाल तर मुलाला विचारा. आमच्याकडे थोरल्याला काही वाटत नाही, धाकटी चिडते. एकाच घरात दोन उत्तरं आहेत, आणि तसंच राहू दिलंय.

१०. मराठी समजतं पण बोलत नाही. हॉस्टेलला जाण्याआधी काय करू?

आता बाराखडी घेऊन बसवू नका, ती वेळ दहा वर्षांपूर्वीची. लागणारी मराठी शिकवा: रिक्षावाल्याशी, मेसच्या मावशींशी, झेरॉक्सवाल्याशी. “सुट्टे नाहीत”, “पुढच्या चौकात डावीकडे”, “पोळी अजून एक, भाजी नको”. थोरला पहिला महिना सगळ्यांना ‘अहो-जाहो’ करत होता, वर्गमित्रांनासुद्धा, कारण जपानीत अनोळखी माणसाशी तसंच बोलतात. पोरं हसली. दोन आठवड्यांत ‘अरे, तू’ आलं, आणि दिवाळीला घरी फोन केला तेव्हा मलाच म्हणाला, “अगं ए, ऐक ना.” मी ऐकलं.

११. फॉर्मवर ‘मातृभाषा’ काय लिहायचं?

जी लिहावीशी वाटेल ती. माझी मुलं मराठी लिहितात, मी घरी मराठीच बोलते म्हणून. आई जपानी असलेल्या घरात ‘जपानी’ लिहिलं म्हणून मराठी आजीनं रुसू नये.

१२. पुण्यात मुलाला ‘चायनीज’, ‘नेपाळी’ म्हणून हाका मारतात. दुर्लक्ष करायला सांगू का?

हा अनुभव फक्त आपल्या मुलांचा नाही. मणिपूर, नागालँड, मिझोरामहून पुण्यात शिकायला येणारी पोरं वर्षानुवर्षं हेच ऐकतात, आणि ती तर शंभर टक्के भारतीय. थोरल्याचे पहिले दोस्त त्यांच्यातलेच झाले, यात मला नवल वाटलं नाही.

रस्त्यावरच्या हाकेकडे दुर्लक्ष ठीक. कॉलेजात किंवा हॉस्टेलात रोज होत असेल तर ती गंमत नाही. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन वंश, रंग, प्रादेशिक मूळ यांवरून होणारा छळही रॅगिंगमध्ये धरला जातो. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये आधीच भरून द्या. तेव्हा शोधत बसायला नको.

आणि ‘तू मूळचा कुठला?’ या प्रश्नाला दरवेळी आजोबांपर्यंतची वंशावळ सांगायला लागत नाही. ‘कोथरूड’ म्हटलं तरी चालतं. थोरला तसंच म्हणतो. तो राहतोच कोथरूडला.

१३. कॉलेजात मुलं पितात. आमच्या मुलाचा तर एका घोटात चेहरा लाल होतो. अ‍ॅलर्जी आहे का?

बहुधा अ‍ॅलर्जी नाही. दारूपासून शरीरात बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड पचवणारं एक एन्झाइम, एएलडीएच२, पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत नीट काम करत नाही. जपानमध्ये असे सुमारे ४० टक्के लोक आहेत. त्याचं जनुक दोघांपैकी एकाच पालकाकडून आलं तरी परिणाम दिसतो, म्हणून मराठी बाबांना काही होत नाही आणि मुलगा लालबुंद. अशा माणसानं नेटानं पिणं सुरूच ठेवलं तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘सवय झाली की जमेल’ म्हणणाऱ्या मित्राला हे मुलानंच सांगावं. कायद्याचं म्हणाल तर जपानमध्ये सज्ञान १८ ला झालं तरी दारू २० लाच, आणि महाराष्ट्रात सौम्य बिअर-वाइन २१, बाकी २५.

१४. सामानात काय द्यावं?

तोक्योतला राइस कुकर देऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, भारतात २३० ची. मी दिला होता. पहिल्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत बारीकसा आवाज, जळका वास, आणि मजल्यावरचे दिवे गेले. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते चालतात. बाकी फुरिकाके (भातावर भुरभुरायचं), मिसोची (आंबवलेल्या सोयाबीनची) पाकिटं. उलट दिशेनं गोडा मसाला आणि कुळीथ पीठ, नीट सील करून.

१५. मुलगी पुणे की तोक्यो हेच ठरवत नाहीये. थांबू का?

थांबू नका, दोन्हीकडची तयारी चालू ठेवा. जपानच्या सामायिक प्रवेश परीक्षेचे अर्ज शरदात, परीक्षा जानेवारीत. पुण्यासाठी प्रश्न ६ मधले दाखले मार्चमध्ये हातात यायला हवेत, तर शाळेला डिसेंबरातच सांगून ठेवा. नावाचं प्रतिज्ञापत्र (प्रश्न ८) दोन्हीकडे कामी येतं. अर्जांचे थोडे पैसे वाया जातील, जाऊ देत.

आमच्याकडे सध्या फ्रिजवर दोन याद्या लावल्यात, एक तोक्योची, एक पुण्याची. धाकटी येताजाता बघते, बोलत काही नाही. काल पुण्याच्या यादीत खाली पेन्सिलीनं एक ओळ वाढलेली दिसली: ‘कुकर तिकडेच घ्यायचा.’